बीपीच्या पट्ट्यापासून आयसीयूतल्या आर्ट लाईनपर्यंत: प्रेशर सेन्सरकडून खरा आकडा कसा मिळवायचा

"मशीन चुकीचं दाखवतंय, जरा बघा ना." हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात काम केलं की हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि मशीन उघडून बघितलं की बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, गडबड असते ती पट्ट्यात, नळीत, उंचीत नाहीतर हात ठेवायच्या पद्धतीत. सेन्सर बिचारा त्याच्यापाशी जे प्रेशर पोचलं तेच सांगतो, आता शरीरातलं प्रेशर त्याच्यापर्यंत जसंच्या तसं पोचवणं हे आपलं काम. म्हणून हा लेख. घरात बीपीचं मशीन असेल तर पहिला भाग तुमच्यासाठी आहे, आणि नर्सिंग किंवा ओटी टेक्निशियनचं शिकत असाल तर आयसीयूवाला भाग नीट वाचा, तिथे लोक घाई करतात.

आधी आत काय आहे ते बघू

आजकालच्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये सिलिकॉनची एक चिप असते. तिच्या मधोमध केसापेक्षाही पातळ असा पडदा कोरलेला असतो आणि त्या पडद्यावर चार रेझिस्टर. एका बाजूने प्रेशर आलं की पडदा किंचित वाकतो, वाकला की रेझिस्टरचा रेझिस्टन्स बदलतो. ताण दिल्यावर सिलिकॉनचा रेझिस्टन्स धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलतो हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये बेल लॅबमध्ये दाखवलं, त्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. चार रेझिस्टर व्हीटस्टन ब्रिजमध्ये जोडलेले असतात, बारावीच्या फिजिक्सला ज्याचं गणित सोडवून विसरून गेलो तोच.

सिग्नल किती बारीक असतो बघा. आयसीयूत जो डिस्पोजेबल ट्रान्सड्युसर (म्हणजे एकदा वापरून टाकायचा प्रेशर सेन्सर) वापरतात त्याची सेन्सिटिव्हिटी ठरलेली असते, एका व्होल्टला दर मिलिमीटर पाऱ्यामागे ५ मायक्रोव्होल्ट. म्हणजे ५ व्होल्ट दिले आणि प्रेशर १०० मिमी असलं (पुढे मिलिमीटर पारा असं न म्हणता नुसतं मिमी म्हणतो) तर बाहेर येणार जेमतेम अडीच मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलवर पुढचा सगळा डोलारा, त्यामुळे कनेक्टरमध्ये सलाईनचा थेंब गेला तरी आकडा नाचायला लागतो. मॉनिटर बिघडला म्हणून ओरडण्याआधी तो कनेक्टर काढून कोरडा करून बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पडद्याच्या एका बाजूला तुमचं प्रेशर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. म्हणजे आकडा हा नेहमी आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो, त्यामुळे महाबळेश्वरला गेलात म्हणून मशीन वेगळं वागत नाही. पण "हवेचं प्रेशर म्हणजे शून्य" हे मशीनला मात्र दरवेळी नीट कळायला हवं, तिथे गोंधळ झाला की पुढचे सगळे आकडे तेवढ्याने सरकलेच.

पाऱ्याचं माप कुठून आलं तेही सांगून टाकतो. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने एका घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घालून तिला नऊ फुटी काचेची नळी उभी जोडली, रक्त आठ फूट तीन इंच चढलं, हे त्याने १७३३ मध्ये छापलं. दवाखान्यात आठ फुटी नळी कुठे ठेवणार? पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे तेच प्रेशर पाऱ्यात वीतभर उंचीत मावतं. मग १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियात कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचं-खालचं बीपी सांगायची पद्धत दिली. पाऱ्याची मशीन्स आता पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता करारामुळे जगभरातून हटवली जातायत, पण माप मात्र पाऱ्याचंच राहिलं.

घरचं मशीन बीपी "ऐकत" नाही

हे खूप जणांना माहीत नसतं. घरच्या डिजिटल मशीनमध्ये स्टेथोस्कोपसारखं काही नसतं. पट्टा फुगतो, रक्तवाहिनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटते (काही मशीन फुगतानाच मोजतात), आणि प्रत्येक ठोक्याला पट्ट्यातल्या प्रेशरमध्ये एक बारीकशी लाट उठते, दोन-तीन मिमीची वगैरे. सेन्सर ती लाट पकडतो. पट्ट्याचं प्रेशर सरासरी बीपीच्या (एका ठोक्यातल्या चढ-उताराच्या सरासरीच्या) जवळ आलं की लाट सगळ्यात मोठी होते, मग पुन्हा लहान होत जाते. म्हणजे मशीन जे खरोखर मोजतं ते सरासरी बीपी, आणि वरचं-खालचं जे आपल्याला स्क्रीनवर दिसतं ते लाटेच्या चढ-उतारावरून गणिताने काढलेलं असतं, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि गुपित.

यातून दोन-तीन गोष्टी आपोआप निघतात. मोजताना बोललात, हात हलवलात, खोकलात तर पट्ट्यात भलतीच लाट उठते आणि मशीनला ती ठोका वाटू शकते. ठोके अनियमित पडत असतील, डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन सांगितलं असेल, तर एका रीडिंगवर विसंबू नका, तीन घ्या आणि डॉक्टरांना अधूनमधून स्टेथोस्कोप लावून मोजू द्या. आणि दोन कंपन्यांच्या मशीनमध्ये पाच-सात मिमीचा फरक आला तर त्यात भांडण्यासारखं काही नाही. मशीन मान्य करायच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतच ८५ माणसांवर तपासून सरासरी फरक ५ मिमीच्या आत असावा अशी अट असते, म्हणजे एखाद्या माणसाला फरक त्याहून जास्तही येऊ शकतो. उलट दवाखान्यातल्या वहीत १२०, १३०, १४० अशी सगळी गोल रीडिंग दिसली तर मला जास्त शंका येते.

घरी मोजायची पद्धत

पहिलं काम टेपचं. शिंप्याचा टेप घ्या आणि खांदा ते कोपर याच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर छापलेलं असतं, २२ ते ३२ सेंटिमीटर किंवा २२ ते ४२ वगैरे, त्यात तुमचा दंड बसला पाहिजे. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद असावी असा नियम आहे. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की वाहिनी दाबायला जास्त हवा लागते आणि बीपी उगाच जास्त येतं, दंड खूपच जाड असेल तर पंधरा-वीस मिमीने सुद्धा, म्हणजे धडधाकट माणसाला गोळी चालू होईल इतकं. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी येतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, पण त्याच कंपनीचा त्याच मॉडेलसाठीचा घ्या, गणित त्या पट्ट्यावर बसवलेलं असतं.

वेळ सकाळची आणि संध्याकाळची. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी आणि बीपीच्या गोळीच्या आधी. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, बिडी-सिगरेट-तंबाखू नाही, आणि मिश्रीसुद्धा नाही बरं का. गावाकडच्या बऱ्याच बायका सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावतात आणि ती तंबाखू आहे हे कुणी मोजतच नाही, मग सकाळचं बीपी जास्त का येतंय याचा घरभर शोध चालू राहतो.

मग खुर्चीवर बसा, जमिनीवर मांडी घालून नाही. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत, मोबाईल बाजूला, टीव्ही बंद, कुणाशी बोलणं नाही. पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच मिनिटं, जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळला तर तो आकडा जिन्याचा असतो.

दंड उघडा हवा. शर्टाची बाही वर गुंडाळली आणि ती घट्ट बसली तर तोच एक दुसरा पट्टा होतो, त्यापेक्षा हात बाहेर काढा. ब्लाऊजच्या घट्ट बाहीवरून पट्टा बांधणं हे तर सर्रास चालतं, सैल बाहीचा गाऊन किंवा कुडता घालून मोजलं की प्रश्न मिटतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, त्यावरची धमनीची खूण दंडाच्या आतल्या बाजूला, आणि घट्टपणा एवढाच की एक-दोन बोटं आत जातील.

हात टेबलावर टेकवा, तळवा वर, स्नायू सैल. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण निम्म्यावर आला पाहिजे, टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरू नका, त्यानेही बीपी वाढतं.

आता बटण दाबा, पण दाबताना पट्ट्यात आधीची हवा उरलेली नको आणि पट्ट्यावर दुसऱ्या हाताने दाब नको, कारण बटण दाबल्यावर पहिल्या क्षणात मशीन शून्य ठरवून घेत असतं. एक मिनिट थांबून दुसरं रीडिंग. दोन्ही लिहा, आवडलेलं तेवढंच लिहायचं नाही! असं सात दिवस, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीला १३५/८५ ही सीमारेषा धरतात, दवाखान्यातल्या रीडिंगला १४०/९०, दोन्हींची सरमिसळ करू नका.

अगदी पहिल्यांदा मोजताना दोन्ही हात तपासा आणि जास्त येणारा हात पुढे कायम ठेवा. दोन हातात वरच्या बीपीत दहापेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा. डायलिसिसचा फिस्टुला ज्या हाताला आहे त्या हाताला पट्टा अजिबात बांधायचा नाही. आणि १८०/१२० च्या वर आकडा येऊन सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असेल तर परत परत मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

उंचीचा हिशोब

इमारतीच्या गच्चीवर टाकी असते, तळमजल्याच्या नळाला धार जोरात आणि वरच्या मजल्याला बारीक, शरीरात तेच. दर १० सेंटिमीटर उंचीला साधारण साडेसात मिमीचा फरक पडतो. मोजायची जागा हृदयाच्या खाली गेली की आकडा वाढतो, वर गेली की कमी होतो.

मनगटाच्या मशीनमध्ये हे सगळ्यात जास्त नडतं. मनगट मांडीवर ठेवलं तर ते हृदयाच्या २० ते २५ सेंटिमीटर खाली असतं, म्हणजे १५ ते १९ मिमी फुकटचे. पटत नसेल तर करून बघा, एकदा मनगट मांडीवर ठेवून मोजा, एक मिनिटाने छातीच्या पातळीला कोपर टेकवून मोजा. माझं मत विचाराल तर दंडाचं मशीनच घ्या, मनगटाचं फक्त दंडाला कुठलाच पट्टा बसत नाही अशांसाठी.

मशीन तपासायचं कसं

घरी करता येण्यासारखं थोडंच आहे. नळीला चीर आहे का, कनेक्टर सैल झालाय का, बॅटरी उतरलीये का, पट्ट्याची चिकटपट्टी फुगताना सुटते का, हे बघा. पट्टा पुन्हा पुन्हा फुगत राहतो आणि शेवटी एरर येतो तेव्हा बहुतेक वेळा गळती असते. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्याच हातावर आळीपाळीने, तुमचं मग त्यांचं मग तुमचं, अशी रीडिंग घ्या.

आमच्याकडे टेक्निशियन जे करतो ते असं. पट्टा माणसाच्या नाही तर कडक नळकांड्याभोवती गुंडाळायचा, नळीत टी-कनेक्टर टाकून रेफरन्स मॅनोमीटर (खात्रीचं प्रेशर मोजायचं यंत्र) जोडायचा, मशीन सर्व्हिस मोडमध्ये नेऊन ०, ५०, १००, १५०, २०० अशा टप्प्यांवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचायचे. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मशीन बाजूला. मग २५० च्या आसपास फुगवून झडप बंद ठेवून एक मिनिट थांबायचं, ६ मिमीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. सिम्युलेटर नावाचं एक यंत्रही असतं जे खोटे ठोके तयार करतं, पण त्यावर १२०/८० च्या जागी ११६/७७ आलं म्हणून मशीन नापास करणारे महाभाग मी बघितलेत. सिम्युलेटरवर बघायचं ते मशीन दरवेळी तेच सांगतंय का, एवढंच. गणित कंपनीगणिक वेगळं असतं हे वर सांगितलंच.

आयसीयूतली आर्ट लाईन

इथे पट्टा नाही. मनगटाच्या धमनीत बारीक कॅन्युला, तिथून कडक नळी, नळीत सलाईन, आणि शेवटी ट्रान्सड्युसर. रक्ताची प्रत्येक लाट सलाईनच्या खांबातून सेन्सरच्या पडद्यावर आदळते. हे काम प्रशिक्षित माणसाचंच, नातेवाईकांनी थ्री-वेला (नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीला) हात लावू नये, तिथून रक्तही जाऊ शकतं आणि हवाही आत जाऊ शकते.

सुरुवात सलाईनच्या पिशवीपासून. पिशवीतली हवा आधी काढून टाका, मग नुसत्या उंचीच्या जोरावर नळी सावकाश भरा. पिशवीभोवतीची प्रेशर बॅग आधी फुगवून भरायला गेलात तर जोरात येणारं पाणी बारीक बुडबुडे करतं आणि ते नळीच्या भिंतीला चिकटून बसतात, नंतर टिचक्या मारून दमायचं. प्रत्येक थ्री-वे फिरवून त्याच्यातून पाणी काढा, बुडबुडे तिथेच लपतात. भोकवाली टोपणं काढून बंद टोपणं लावा. मग बॅग ३०० मिमीपर्यंत फुगवा, म्हणजे धमनीतलं रक्त उलटं येत नाही आणि तासाला साधारण ३ मिली सलाईन जात राहून कॅन्युला तुंबत नाही.

आता लेव्हल. छातीच्या बाजूला चौथ्या बरगडीखालची फट आणि छातीच्या जाडीचा मध्य जिथे मिळतात तिथे पेनाने खूण करा, ट्रान्सड्युसरचा थ्री-वे बरोबर त्या उंचीला आणा. नजरेने अंदाज नको, स्पिरिट लेव्हल किंवा लेझर वापरा.

त्यानंतर झिरो. थ्री-वे पेशंटकडे बंद, हवेकडे उघडा, मॉनिटरवर झिरो दाबा, रेघ सपाट आणि आकडा ० आला की हवेकडचं बंद करून पेशंटकडे उघडा. टोपण लावायला विसरू नका. झिरो आणि लेव्हल ही दोन वेगळी कामं आहेत हे शिकाऊ मुलांना परत परत सांगावं लागतं. झिरो म्हणजे "हवेचं प्रेशर शून्य धर" असं मशीनला सांगणं, लेव्हल म्हणजे सेन्सर हृदयाच्या उंचीला आणणं. पलंग वर-खाली केला, डोकं उचललं, कूस बदलली की झिरो हलत नाही पण लेव्हल जाते, तेव्हा लेव्हल परत करायची.

सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतलं प्रेशर, मोजताना तर याला माफीच नाही. सीव्हीपी साधारण २ ते ८ मिमी असतं. सेन्सर १० सेंटिमीटर खाली राहिला तर साडेसात मिमी नुसते उंचीचे वाढले, म्हणजे ज्याला पाणी कमी पडतंय तो पेशंट मॉनिटरवर भरलेला दिसतो. आर्टरी लाईनमध्ये १२० चे १२७ झाले तर बऱ्याचदा निभावून जातं, इथे औषधाची दिशाच उलटी होऊ शकते.

शेवटी फ्लश टेस्ट, जी घाईत सगळ्यात जास्त गाळली जाते. फ्लशचं शेपूट (ते ओढलं की सलाईन जोरात सुटतं) ओढून पटकन सोडा आणि स्क्रीन बघा. रेघ सरळ वर जाऊन चौकोन होतो, सोडल्यावर खाली येऊन एक-दोन हेलकावे घेते आणि नेहमीची लाट सुरू होते, हे बरोबर. हेलकावाच नसेल, रेघ गोलाकार होऊन आळसात उतरली, तर बुडबुडा, गुठळी, वाकलेला कॅन्युला किंवा बॅगचं उतरलेलं प्रेशर शोधा, अशा वेळी वरचं बीपी कमी आणि खालचं जास्त दिसतं. हेलकावे तीन-चार-पाच येत राहिले तर नळी गरजेपेक्षा लांब आहे किंवा मध्ये जास्तीचे जोड टाकलेत, तिथे वरचं बीपी खोटं उंच दिसतं. गंमत म्हणजे दोन्ही प्रकारांत सरासरी बीपी बऱ्यापैकी टिकून राहतं.

म्हणूनच "पट्ट्याचं १२८/७६ आणि लाईनचं १४१/७०, खरं कुठलं?" असं नातेवाईकांनी विचारलं की आधी सरासरी काढून बघावी. खालच्या बीपीत दोघांमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की पट्ट्याची सरासरी ९३ आणि लाईनची ९४. दोन्ही तेच सांगतायत.

बाकीची मंडळी थोडक्यात

व्हेंटिलेटरमध्ये हेच सेन्सर श्वासाचं प्रेशर सेंटिमीटर पाण्यात मोजतात (१ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी), डायलिसिस मशीनमध्ये रक्त खेचणाऱ्या आणि परत सोडणाऱ्या नळीवर एकेक बसलेला असतो आणि नळी दबली की अलार्म देतो. मेंदूत नळी घालून डोक्यातलं प्रेशर मोजताना लेव्हल छातीला नाही तर कानाच्या भोकासमोरच्या कूर्चेच्या उंचीला करतात, त्यामुळे एकाच पेशंटला दोन ट्रान्सड्युसर दोन उंचींवर दिसले तर चूक नाही.

एक प्रकार मात्र वेगळा. हृदय कमजोर झालेल्या पेशंटच्या फुप्फुसाच्या धमनीत कायमचा सोडायचा सेन्सर निघालाय, कार्डिओमेम्स, अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. त्याला बॅटरी नाही, वायर नाही, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की प्रेशरप्रमाणे त्याची फ्रिक्वेन्सी बदललेली दिसते. पण तो पूर्ण बंद डबीत असल्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा पोचत नाही, झिरो करायला थ्री-वे उघडणार कुठे? म्हणून बाहेरच्या यंत्रात वेगळा बॅरोमीटर ठेवावा लागतो आणि त्या क्षणाचं हवेचं प्रेशर आकड्यातून वजा करावं लागतं.